यशवंत घाडगे यांनी शंभर जर्मन मारले नव्हते

परवा रात्री भाच्याचा फोन आला. नववीत आहे. शनिवारी शाळेत वक्तृत्व स्पर्धा आहे आणि विषय 'आपल्या मातीतला वीर'. "मामा, भाषण पाठ झालंय, म्हणून दाखवू?" म्हटलं दाखव. पहिल्याच वाक्याला त्याला थांबवावं लागलं. "हातात फक्त तलवार घेऊन एकट्याने शंभर जर्मनांची मुंडकी उडवणारा आपल्या माणगावचा वाघ..."

हे कुठून आणलंस म्हणून विचारलं, तर आमच्याच घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज. मावशीने टाकलेला, खाली सतरा जणांचे जोडलेले हात. गेले दोन आठवडे तोच मेसेज मला आणखी चार ठिकाणांहून आला आहे आणि दर वेळी मी गप्प बसलो. आता तो पोरांच्या तोंडी बसायला लागलाय, तेव्हा गप्प बसणं जमणार नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: सुभेदार यशवंत घाडगे हे व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, मिळवणारे पहिले भारतीय. त्यांनी दुसऱ्या महायुद्धात इटलीत तलवारीने शंभर जर्मन कापले. ते शौर्य बघून मुसोलिनीने त्यांना सलाम ठोकला. इंग्रजांनी हा पराक्रम दडपून टाकला. युद्ध संपल्यावर घाडगे गावी परतले, शेती करत राहिले आणि १९८४ साली वारले.

आधी किरकोळ गोष्टी उरकतो. ते सुभेदार नव्हते, नाईक होते, बाहीवर दोन फिती. पहिले भारतीयही नव्हेत. हिंदी सैनिकांना व्हिक्टोरिया क्रॉसची दारं १९११ मध्ये उघडली आणि १९१४ सालच्या पराक्रमासाठी तो पहिल्यांदा खुदादाद खान यांना मिळाला, घाडगे यांच्या जन्माच्याही आधी. मुसोलिनीची सत्ता जुलै १९४३ मध्येच गेली होती. पुढच्या वर्षी, म्हणजे घाडगे लढले तेव्हा, तो उत्तर इटलीत जर्मनांच्या आधाराने कसाबसा टिकून होता. तो आघाडीवर येऊन मराठा पलटणीच्या नाईकाला सलाम करेल, हे लिहिणाऱ्याला कसं सुचलं देव जाणे.

आता तलवार आणि शंभर मुंडकी.

घाडगे यांनी काय केलं हे कुणाच्या आठवणीवर किंवा पोवाड्यावर अवलंबून नाही. व्हिक्टोरिया क्रॉस देताना त्यामागचं कारण लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात छापतात. घाडगे यांचं नोव्हेंबर १९४४ मध्ये छापलं गेलं. जेमतेम काही ओळींचा मजकूर आहे, कुणालाही इंटरनेटवर वाचता येतो. त्यात आहे ते असं.

१० जुलै १९४४. इटलीत तिबेर नदीचं वरचं खोरं. महिनाभरापूर्वी रोम पडलंय, जर्मन फौज उत्तरेकडे मागे सरकतेय, पण लढत लढत. ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची एक कंपनी जर्मनांच्या मजबूत मोर्चावर चाल करून जाते. घाडगे यांच्या हाताखाली रायफलवाल्यांचा एक सेक्शन, म्हणजे छोटी तुकडी आहे. अगदी जवळून मशीनगन सुरू होते आणि सेक्शनमधला एकूण एक माणूस ठार किंवा जखमी होतो. उभे राहतात फक्त घाडगे.

गॅझेटमध्ये इथे स्पष्ट म्हटलंय की आपल्यासोबत यायला कुणीही उरलेलं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी क्षणभरही न घुटमळता ते मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब फेकला. त्यात मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गारद. मग टॉमी गनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, दुसऱ्याला टिपला. समोर अजून दोघे आणि मॅगझीन, म्हणजे गोळ्यांची पेटी, बदलायला वेळ नाही. त्यांनी बंदूक उलटी केली, नळीकडून धरली आणि तिच्याच दस्त्याने त्या दोघांना झोडपून ठार केलं. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत घुसल्या. एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्चात त्यांनी प्राण सोडला.

चार माणसं. तलवार नाही, मुंडकी नाहीत.

हे सांगितल्यावर भाचा काय म्हणाला? "पण मामा, चार म्हटलं तर टाळ्या कोण वाजवणार?" दोष त्याचा नाही. ही सवय आपण मोठ्यांनीच लावली. मी त्याला म्हटलं, फोन स्पीकरवर ठेव आणि तुझी बॅट आण. उलटी धर, पात्याकडून. टॉमी गन हिच्या तिपटीहून जड, पाचेक किलोची, आणि नुकत्याच गोळ्या झाडून नळी तापलेली. समोर दोन माणसं, हातभर अंतरावर. मागे तुझे सगळे मित्र पडलेत, काही मेलेत, काही विव्हळतायत. आता मला सांग, तू काय करशील? तो बराच वेळ काही बोलला नाही.

शंभराचा आकडा ऐकून कुणी असा गप्प होत नाही, कारण त्यात बघण्यासारखं काहीच नसतं. शंभर माणसं तलवारीने मारणारा सिनेमातला असतो, त्याला भीती नसते, त्याचं मॅगझीन संपत नाही. घाडगे यांचं संपलं होतं. मेसेज लिहिणाऱ्याने शहाण्णव जर्मन वाढवले आणि त्यापायी तो एक क्षण घालवला, ज्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

पण मला खरा संताप येतो तो शेवटच्या ओळीचा. म्हणे गावी परतले, शेती केली, १९८४ साली वारले. ते परतले नाहीत. १९२१ च्या नोव्हेंबरात जन्मलेला पळसगावचा तो पोरगा तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्यांची कबरसुद्धा नाही. इटलीत कॅसिनो या गावी राष्ट्रकुलातल्या सैनिकांचं स्मारक आहे. कबरीचा ठावठिकाणा नसलेल्या चार हजारांहून जास्त जणांची नावं तिथे कोरली आहेत, त्यात त्यांचं एक. त्यांनी दिलं काय, तर पुढचं सगळं आयुष्य. तुम्ही ते चाळीस वर्षांचं आयुष्य त्यांना फुकटात परत केलंत आणि त्यांचं मरणच पुसून टाकलंत.

हे १९८४ साल कुठून आलं, याचा मला अंदाज आहे. त्या वर्षी वारले ते नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. त्याच रेजिमेंटचे, पण दुसऱ्या पलटणीचे. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस इटलीतच मिळाला, ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर केलेल्या कामगिरीसाठी. दोन जखमी साथीदारांना त्यांनी एकेक करून खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणलं. मग पुन्हा पलीकडे जाऊन एक मशीनगन टॉमी गनने बंद पाडली. हाताला गोळी लागल्यावर टॉमी गन टाकून दिली आणि हातबॉम्बने आणखी दोन मशीनगन उडवल्या. शेवटी तोफांचे गोळे पडत असताना बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना दिली आणि मागच्या कंपन्यांना हात करून पलीकडे बोलावलं. एवढ्या मोठ्या माणसाचं मेसेजमध्ये नावसुद्धा नाही, आणि मरणाचं साल मात्र दुसऱ्याला चिकटवलेलं. दोन वीरांची मोडतोड करून एक बनवला, यात कुणाचा मान राहिला?

'इंग्रजांनी दडपलं' याला उत्तर देण्यात मी वेळ घालवणार नाही. ज्यांनी आपलं सगळ्यात मोठं शौर्यपदक दिलं आणि कारणासकट छापलं, त्यांनी दडपलं काय? मात्र या ओळीत अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. विसरलो आहोत ते आपण. माणगावला तहसील कचेरीसमोर घाडगे यांचा पुतळा आहे. दाखल्यांसाठी मी स्वतः त्या पुतळ्यासमोरून कितीदा गेलो असेन, पण खालचं नाव थांबून वाचलं ते तिशी ओलांडल्यावर. तिकडे इटलीत, मोंतोने नावाच्या छोट्या गावात, जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभारलं गेलं.

ग्रुपवर एका काकांनी उलटं टोकही गाठलं: "इंग्रजांचा पगारी शिपाई, त्याचं एवढं काय?" काका, पगार होता हे खरं. भारताला युद्धात ओढताना व्हाइसरॉयने इथल्या नेत्यांना विचारलं नव्हतं, हेही खरं. पण मोंतोनेपासून फार लांब नसलेल्या गुब्बिओ गावात २२ जून १९४४ ला जर्मनांनी चाळीस निरपराध गावकऱ्यांना गोळ्या घातल्या होत्या, घाडगे पडले त्याच्या फक्त अठरा दिवस आधी. त्या मुलखातून त्या फौजेला हुसकावणाऱ्यांत आपली कोकणातली, देशावरची पोरं होती. इटलीत ५,७८२ भारतीय सैनिक मेले. तिथे दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांचे. पगारासाठी माणूस भरती होतो, काका. सगळा सेक्शन पडल्यावर एकटा पुढे धावतो, तो पगारासाठी नव्हे.

मावशीला फोन करून सगळं सांगितलं. तिने मेसेज काढून टाकला आणि गॅझेटचा मजकूर मराठीत लिहून मागितला, तो पाठवलाय. तुमच्याकडे हा मेसेज आला असेल, तर वर लिहिलेले १० जुलैचे परिच्छेद खुशाल उचलून त्याखाली चिकटवा.

भाच्याने काल रात्री नवं भाषण ऐकवलं. सुरुवात त्याने स्वतः लिहिली आहे: "त्यांच्या सेक्शनमध्ये ते एकटेच उरले होते, आणि त्यांना ते माहीत होतं."