घोडा ‘शरण’ आला म्हणे

‘७ दिवसांत तुमचं मूल घोड्याला शिकवेल’ हा फॉरवर्ड खारघरपासून घोडबंदर रोडपर्यंत पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. आता रायडिंगला येणारी पोरंच तो दाखवून विचारतात, म्हणून लिहावं लागतंय. त्यातले दावे असे: घोड्याला गोल रिंगणात पळवत ठेवा, तो तोंड चघळू लागला की त्याने तुम्हाला म्होरक्या मानलं. दीड वर्षाचं शिंगरू घ्या, मुलाबरोबर वाढेल. दोरीचा हॉल्टर, म्हणजे घोड्याला धरायला त्याच्या डोक्यावर चढवतात तो साज, दुखत नाही. आणि या सगळ्याला नाव काय, तर नॅचरल हॉर्समनशिप, म्हणजे घोड्याच्या स्वभावाला धरून शिकवणं!

आधी ते पळवणं. घोडा ओठ चाटतो, तोंड चघळतो ते बहुतेकदा ताण ओसरताना. म्हणजे त्याआधी तो घाबरलेला होता, एवढंच त्यातून कळतं. म्होरकेपणाच्या कल्पनेवर शिकवणं उभं करू नका, शिकण्याच्या नियमांवर करा, अशी इंटरनॅशनल सोसायटी फॉर इक्विटेशन सायन्सची जाहीर भूमिका आहे. त्यात आपली ऑक्टोबरची दमट हवा. घाम वाळत नाही, अंग निवत नाही. निवांत उभ्या घोड्याचा श्वास मिनिटाला ८ ते १६ वेळा चालतो. धापा टाकत थांबलेला घोडा शिकलेला नसतो, दमलेला असतो.

घोडा शिकतो दाब सुटण्यातून: आपण दाब टाकायचा, त्याने हवं ते केलं की लगेच सोडायचा. समजा, त्याला मागचं अंग बाजूला सरकवायला शिकवायचंय. हॉल्टरला लावलेली साडेतीन मीटरची दोरी घ्या, हाताला गुंडाळू नका, घड्या करून धरा. डाव्या खांद्याजवळ उभं राहायचं. आधी पुठ्ठ्याकडे, म्हणजे त्या मागच्या अंगाकडे, नुसतं बघायचं, मग हात उचलायचा, मग दोरीचं टोक फिरवायचं, नाहीच ऐकलं तर टेकवायचं. डावा मागचा पाय उजव्याच्या पुढून ओलांडला की त्याच क्षणी सगळं बंद. पाच सेकंद गप्प उभं राहायचं. मुलं चुकतात ती इथेच. पाऊल पडल्यावरही दोरी फिरत राहते, किंवा घोड्याने मान वर झटकली की घाबरून हात खाली येतो. दुसऱ्या चुकीत घोडा चोख धडा घेतो: मान झटकली की सुटका.

फॉरवर्डमधलं एक मात्र खरं, नाइलाजाने मान्य करतो. आपलं उभं राहणं, खांदे, नजर घोडा वाचतो. पण ते ७ दिवसांत येत नाही.

शिंगराबद्दल काय बोलायचं? पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालते, म्हणजे दीड वर्षाची पाठ अजून कच्चीच. वर शिंगरूही नवखं, मूलही नवखं, मग चूक सुधारणार कोण? नवशिक्या मुलाला दहा-बारा वर्षांची शांत घोडी द्या.

राहिला दोरीचा हॉल्टर. तो बारीक आणि गाठींचा असतो, म्हणून रुंद पट्टीच्या हॉल्टरपेक्षा जास्त रुततो. शिकवताना हलक्या हाताने चालेल. पण तो घालून घोडा बांधू नका, टेम्पोतून नेऊ नका. घोडा बिचकून मागे ओढू लागला तर हा हॉल्टर तुटत नाही.