परवान्याआधी ट्रिगर शिकवा

डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली, त्यानंतर बीडमध्ये हवेत गोळ्या झाडणाऱ्यांचे व्हिडिओ फिरायला लागले, मग कळलं की एका जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्र परवाने आहेत, मग परवाने रद्द व्हायला लागले. हे सगळं मी इथे म्युनिकमध्ये बसून वाचत होतो. वाद सगळा परवाने किती, कुणाच्या ओळखीने, कुणाला धाक दाखवायला, यावरच. तो वाद हवाच. पण ज्याच्या हातात पिस्तूल दिलंय त्याला ते धरता तरी येतं का, हे कुणीच विचारत नाहीये आणि मला तेच जास्त छळतं.

मी इथल्या एका शूटिंग क्लबात जातो. जर्मनीत खेळासाठी स्वतःचं पिस्तूल घ्यायचं तर आधी किमान एक वर्ष क्लबचं सभासद राहून नियमित सराव करावा लागतो, कायदा आणि सुरक्षेची परीक्षा द्यावी लागते, आणि एवढं करून पिस्तूल मिळालं तरी ते कमरेला लावून गावभर फिरता येत नाही, रिकामं करून, कुलूपबंद पेटीत घालून घर ते रेंज एवढंच न्यायचं.

त्या वर्षात शिकवतात काय तर मुख्यतः बोट. नवीन माणसाला १० मीटरवर एअर पिस्तूल देतात आणि समोर टार्गेट उलटं लावतात, म्हणजे नुसता कोरा कागद, कारण काळा गोल दिसला की माणूस त्याच्याकडेच बघत बसतो आणि फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, धूसर होते. नजर पाहिजे फ्रंट साइटवर. हिशोब सरळ आहे, पुढची आणि मागची अशा दोन साइटमधलं अंतर समजा ३२ सेंटिमीटर, तर त्यांची रेष फक्त १ मिलिमीटरने चुकली की १० मीटरवर गोळी ३१ मिलिमीटर बाजूला जाते. उलट साइट जुळलेल्या ठेवून अख्खा हात सरळ १ मिलिमीटर सरकला तर फरकही १ मिलिमीटरचाच. म्हणून हात थोडा हलणारच हे मान्य करायचं, हलणं थांबायची वाट बघत बसलं की शेवटी माणूस ‘आत्ता!’ म्हणून ट्रिगर खेचतो आणि तिथेच सगळं बिघडतं. बोटाच्या पहिल्या पेराने, सरळ मागे, दाब हळूहळू वाढवत न्यायचा, बाकीची बोटं आवळायची नाहीत, आणि गोळी सुटल्यावरही क्षणभर साइट बघत राहायचं. श्वास अर्धा सोडून थांबायचं, पाच-सात सेकंदांत शॉट गेला नाही तर हात खाली घ्यायचा. हात खाली घेता येणं ही मला सगळ्यात मोठी शिकवण वाटते, कारण न झाडण्याचा निर्णय तिथे हातात मुरतो.

मग ड्राय फायर, गोळीशिवाय. बॅरलवर नाणं ठेवायचं आणि ते न पाडता ट्रिगर दाबायचा. मोठ्या पिस्तुलावर गेलं की प्रशिक्षक मॅगझिनमध्ये मधेच डमी काडतूस घालतो, आवाज येत नाही पण नळी खाली झुकलेली सगळ्यांना दिसते, आवाजाच्या भीतीने शरीर आधीच दचकतं ते असं उघडं पडतं. लग्नात हवेत बार काढणाऱ्याने हे एकदा तरी केलं असेल का?

जर्मनीत सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. २००२ मध्ये एरफुर्टच्या शाळेत १६ जणांना मारणारा मुलगा शूटिंग क्लबचा सभासद होता. २००९ मध्ये विनेंडेनला मुलाने वडिलांचं पिस्तूल वापरलं, ते बेडरूममध्ये कुलपाशिवाय ठेवलेलं होतं. तेव्हापासून अधिकारी न सांगता घरी येऊन कपाट तपासू शकतात. म्हणजे नुसत्या प्रशिक्षणाने माणूस चांगला होत नाही, तपासणी पाहिजेच, पण अपघात आणि माज दोन्ही कमी व्हायचे असतील तर प्रशिक्षणही पाहिजेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली, कपाटात ठेवताना निसटलं असं तेव्हा सांगितलं गेलं. ठेवण्याआधी रिकामं करायचं, ही इथे पहिल्या दिवसाची सवय आहे.

आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांत प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आहे, पण मिळालं की विषय संपला असं व्हायला नको. परवान्याचं दर ५ वर्षांनी नूतनीकरण होतं ना, मग तेव्हा रेंजवर उभं करा. शिकवणारे नाहीत असं तर महाराष्ट्राने म्हणूच नये! कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये इथे म्युनिकलाच वर्ल्ड चॅम्पियन झाल्या, नेमबाज राही सरनोबत कोल्हापूरच्याच, कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला ब्राँझ आणलं. बालेवाडीला रेंज आहे. प्रत्येक जिल्ह्यात १० मीटरची एक साधी एअर रेंज आणि एक चांगला कोच द्या, आणि अर्जदाराला आधी तिथे सहा महिने कोऱ्या कागदावर नेम धरायला लावा, ज्याला पिस्तूल फक्त मिरवायला हवंय तो दुसऱ्या महिन्यात यायचा बंद होईल.