वाडा झाका, एसी लावा, हरित व्हा

गावातल्या संग्रहालयाला ‘पर्यावरणपूरक’ म्हणवून घ्यायचं कार्यकारिणीच्या मनात आलंच असेल, तर 5 जूनचा मुहूर्त चुकवू नका. वीस फुटी फ्लेक्स लावा. तो पीव्हीसीचा असतो, पण त्यावर झाडाचं चित्र असतं, तेव्हा फिट्टंफाट. त्यावर कन्नड किती, मराठी किती, कुठली ओळ वर, यावर दोन-तीन बैठका सहज जातात. आपल्या बेळगाव भागात ‘साठ टक्के’ म्हटलं की लोकांना पाटीवरचं कन्नड आठवतं, कारण तिथं तेवढं कन्नड सक्तीचं आहे. कपाटातली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली, यावर अजून तरी कोणी मोर्चा काढलेला नाही. तो विषय निर्धास्तपणे बाजूला ठेवता येतो.

आता संग्रहालय ज्या जुन्या वाड्यात आहे, त्याच्याकडे वळू. जांभ्याच्या हात-दीड हात जाड भिंती, चुन्याचा गिलावा, मंगलोरी कौलं, आढ्याजवळ झरोके. गरम हवा झरोक्यातून वर निघून जाते. चुना ओलीत दमटपणा शोषतो आणि उघाडीला परत सोडतो. हे सगळं शंभर वर्षं फुकट चाललंय. फुकट म्हणजे बिल नाही, आणि बिल नाही म्हणजे अनुदानाच्या प्रस्तावात दाखवायला काही नाही. म्हणून आधी झरोके प्लायवूडनं बंद करा. मग चुना खरवडून सिमेंटचा गिलावा करा, वर ऑइल पेंटचे दोन हात द्या आणि खाली विट्रिफाइड टाइल्स बसवा. जमिनीतली ओल आजवर भिंतीतून वाळून जायची. आता तिला वाट उरत नाही, ती वर चढते आणि रंगाचे पोपडे सुटतात. म्हणजे पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीचा प्रस्तावही तयार झाला.

मग एसी. दीड टनाचे दोन, पाच ताऱ्यांचे. 18 अंशांवर ठेवा आणि सकाळी दहा ते संध्याकाळी सहाच चालवा, कारण रात्री बंद ठेवणं म्हणजेच वीजबचत. आपल्याकडे जुलैत बाहेरची हवा 25 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असते. या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली गार झालेल्या वस्तूवर हवेतली वाफ पाणी होऊन जमते तो अंश, 22 च्या वर येतो. दिवसभर गारठलेला ताम्रपट 18-20 अंशांवर असतो. सहा वाजता एसी बंद करून झाडलोटीला दार उघडलं की त्याला घाम फुटतो, अगदी बर्फाचं पाणी ओतलेल्या पेल्यासारखा. मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, दिवसा आकसतात, रात्री फुगतात. आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर दोन-चार दिवस टिकली की बुरशी धरते. एसी बसवलाच नसता तर एवढे हाल झाले नसते, पण मग त्याचं उद्घाटन कसं केलं असतं?

संग्रहालयातली हवा 20 अंश आणि आर्द्रता 50 टक्के हवी, असं सगळीकडे सांगतात; हे आकडे कुठून आले, असं एखादा चौकस सभासद विचारेल. त्याला चहा द्या. इतिहास असा की महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीनं 1941 मध्ये आपली चित्रं वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत हलवली. तिथं हवा नुसती तापवून 17 अंश आणि 58 टक्के राखले, आणि चित्रांचा रंग सुटणं जवळजवळ थांबलं. आकड्यापेक्षा स्थैर्य कामाला आलं. पुढे जगभर आकडा तेवढा पाठ झाला. आता मोठमोठ्या संग्रहालयांच्या प्रमुखांच्या बिझो गटानंच पट्टा सैल केलाय: 16 ते 25 अंश, 40 ते 60 टक्के, आणि चोवीस तासांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त चढउतार नको. संग्रहालयाच्या विजेतली मोठी रक्कम हवा सांभाळण्यावर जाते, हे त्यांना कळलंय. कार्यकारिणीला कळू देऊ नका.

वीज हिरवी दाखवायला छपरावर 5 किलोवॅट सोलर बसवा. स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण 20 युनिट मिळतात, आणि वरचे दोन एसी जवळपास तेवढेच खातात. हिशेब जुळला. श्रावणातल्या ढगांत तो निम्म्यावर येतो, पण श्रावणात अहवाल कोण लिहितं! चौकट बसवताना कौलं फुटतील. शिपाईमामा येऊन सांगतील, “वरनं गळाय लागलंय बघा.” बादली ठेवा.

हॅलोजन काढून एलईडी लावा, हे मात्र खरंच चांगलं आहे: 50 वॅटचं काम 7 वॅटमध्ये होतं. म्हणूनच वाचलेल्या विजेत दिवे दुप्पट करा. शहापूर-वडगावच्या जुन्या साड्यांना 50 लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) पुरतात. रंग उडण्याचं गणित प्रकाश गुणिले तास असं असतं, दिव्याची जात कुठली यावर ते फारसं अवलंबून नाही.

काचेच्या पेटीसाठी सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, लागेल. घनमीटरला 20 किलो, असा जुना ठोकताळा आहे. आपण बुटांच्या खोक्यातल्या दोन ग्रॅमच्या पुड्या वापरू, तोच खरा पुनर्वापर. नारिंगी दाणे हिरवे झाले की ते भिजले, ओव्हनमध्ये 120 अंशांवर वाळवावे लागतात. आपल्याकडे मात्र हिरवं दिसलं की तसंच राहू द्यावं.

पेटी नव्या एमडीएफचीच, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळ्यांचीच करा. त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शिशाच्या मुद्रांवर पांढरी पूड जमते. प्रदर्शन संपलं की पेट्या मोडून टाका. जुन्या पेट्या जपून ठेवल्या तर पुढच्या वर्षी कंत्राट कशाचं काढणार? मध्यभागी राजहंसगडाची थर्माकोलची प्रतिकृती हवीच. खरा गड येळ्ळूरला आहे, पण तिथं बसनं जावं लागतं.

वृक्षारोपण भिंतीला लागून करा. पिंपळ उत्तम, पायात मुळं लवकर शिरतात.

काही गोष्टी कटाक्षानं टाळा. मृगाच्या आधी पन्हळी साफ करून घेणं: त्याला दोन माणसं आणि एक शिडी लागते, पण फीत कापायला जागा नसते. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढणं, उघाडीच्या दुपारी तासभर खिडक्या उघडणं, कागद सुती रुमालात बांधून घट्ट झाकणाच्या खोक्यात ठेवणं, हेही तसंच. कसर लागलेलं बाड पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे 20 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये आठवडा-दोन आठवडे ठेवलं की औषध न फवारता कीड मरते. पण हे सांगितलंत तर कुल्फीवाल्याला सल्लागार नेमावं लागेल. आर्द्रता नोंदवणारा डेटा लॉगर घेतलाच असेल, तर तो अध्यक्षांच्या खोलीत ठेवा. तिथले आकडे चांगले येतात.

वार्षिक अहवालात झाडांची संख्या आणि सोलरचे युनिट ठळक छापा. बुरशी आलेले रुमाल ‘संवर्धनाच्या प्रतीक्षेत’ या सदरात घाला. फारच बोभाटा झाला तर सगळे कागद लॅमिनेट करून टाका. ओल आत कोंडली तर कोंडली, वरून ओल्या फडक्यानं पुसायला बरं पडतं.