खुलासा : ‘डेस्कटॉप विका, प्रायव्हसी फोन घ्या’ या मेसेजबद्दल

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ग्राफीनओएस (अँड्रॉइडवर बेतलेली, खासगीपणा जपणारी सिस्टीम) टाकलेला गूगलचा कोणताही पिक्सेल फोन मॉनिटरला जोडला की हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरसकट सगळं चालतं, आणि तुमचा माग कुणालाच लागत नाही.

ग्राफीनओएस खरंच चांगली आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ‘कोणताही’ पिक्सेल चालत नाही. केबलने मॉनिटरवर चित्र देण्याची सोय पिक्सेल ८ पासून आहे. ६ आणि ७ वर ती नाही, म्हणून जुना सेट स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका. टॅली (टॅलीप्राइम) विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, ते अँड्रॉइडवर बसत नाही. जीएसटीचं पोर्टल ब्राउझरमध्ये उघडेल, पण डीएससीचं (डिजिटल सहीचं) यूएसबी टोकन लावून सही करायची तर त्याचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवरच लागतं. हळदीच्या सौद्यांचा हिशेब ठेवणाऱ्या अडत्याची खरी अडचण इथेच आहे.

माग न लागण्याचं म्हणाल, तर सिम चालू असलेला फोन कोणत्या टॉवरजवळ आहे हे मोबाइल कंपनीला कळतंच, सिस्टीम कुठलीही असो.

पत्रं, मेल, बँकेची वेबसाइट एवढंच काम असेल तर जरूर घ्या. मूळ मेसेज मात्र पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.