लहान मुलांचा क्लब निवडताना भिंतीवरचे फोटो बघू नका

आज संध्याकाळी एका क्रिकेट क्लबच्या मैदानावर जे दिसलं, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. सहाएक वर्षांचा मुलगा, डोक्यावर हलणारं मोठं हेल्मेट, तोंड लालबुंद. सरांकडे जाऊन पाणी मागितलं. सर म्हणाले, "आधी उरलेले दोन राउंड." त्याची आई बाकावर बसून शेजारणीला कौतुकानं सांगत होती, "सर फार कडक आहेत हं, म्हणून तर इथे घातलाय." मे महिन्यातलं बडोदं, साडेपाचची वेळ, जमिनीतून अजून वाफा येतायत, आणि आपण याला शिस्त म्हणतोय!

मंडळी, एवढ्याशा मुलाला तहान लागली हे कळेपर्यंत अंगातलं पाणी बरंच कमी झालेलं असतं. उन्हाळ्यात दर पंधरा-वीस मिनिटांनी खेळ थांबवून सगळ्यांना चार घोट पाणी पाजायचं, न मागता. बॅच सकाळी आठच्या आत संपवायची किंवा संध्याकाळी सहानंतर सुरू करायची. मूल चिडचिडं झालं, मळमळतंय म्हणालं, चालताना तोल गेला, विचारलेल्याचं भलतंच उत्तर द्यायला लागलं, तर लगेच सावली, कपडे सैल, मानेवर आणि काखेत ओला कपडा, आणि सरळ दवाखाना. हे ज्या सरांना माहीत नाही, त्यांच्या हाती पाच वर्षांचं मूल देऊ नये.

पण आपण बघायला जातो तेव्हा बघतो काय? भिंतीवरचे फोटो, कपाटातले कप. इरफान-युसुफ पठाण इथलेच, हार्दिक-कृणाल पंड्या इथेच घडले, हे खरं आणि त्याचा आपल्याला अभिमानही आहे. पण फोटोतले मोठे सर सोळा वर्षांखालच्या मुलांना शिकवतात. तुमच्या छोट्याच्या वाट्याला कॉलेजात जाणारा एखादा मुलगा येतो. म्हणून विचारायचं ते हे, की लहानांच्या बॅचला रोज कोण उभं असतं आणि तो कुठे शिकलाय. पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, वर्षाचा डिप्लोमा वेगळा आणि सहा आठवड्यांचं सर्टिफिकेट वेगळं. बोर्डावर दोन्ही 'एनआयएस कोच' म्हणूनच लिहिलेले असतात. बरं, नुसता कागद असून भागत नाही. धीर असलेला बिनडिप्लोम्याचा मुलगा कधीकधी लहानांना जास्त चांगलं शिकवतो, हेही खरं.

फी भरण्याआधी एखाद्या साध्या मंगळवारी, न सांगता जा आणि अख्खा तास उभे राहा. चांगल्या खेळणाऱ्याकडे बघू नका. बॅचमधलं सगळ्यात मागे राहणारं मूल हेरा. तासाभरात त्याच्या हाताला बॉल किती वेळा लागला? त्याला नावानं हाक मारली का? चुकल्यावर सरांनी काय दाखवलं, की नुसते ओरडले? चोवीस मुलं आणि एकच नेट असेल तर तासाभरात एकेकाच्या वाट्याला अडीच मिनिटं येतात. बाकी वेळ रांग. रांगेत उभं राहायचे महिन्याला एवढे पैसे का द्यायचे? आजचा तो मुलगाही राउंड संपवून, कसंबसं पाणी पिऊन, पुन्हा रांगेतच जाऊन उभा राहिला. बॅट हातात यायच्या आत बॅच संपली.

त्या हेल्मेटचंही तेच. "पुढच्या वर्षीही चालेल" म्हणून मोठं घ्यायचं आणि मग ते डोळ्यांवर येतं. बॅट तशीच. सरळ उभी धरली तर मुठीचं टोक कमरेच्या हाडापर्यंत यावं. उजव्या हाताच्या खेळाडूनं ती एकट्या डाव्या हातात समोर धरून दहा आकडे मोजावेत. हात खाली गेला तर बॅट जड आहे. जड बॅट दिली की मूल खालच्या हातानं ओढून आडवं मारायला शिकतं, आणि ती सवय मोडायला पुढे वर्षं जातात. मोठ्यांचा चामड्याचा सीझन बॉल 156 ते 163 ग्रॅमचा असतो, तेरा वर्षांखालच्यांचा साधारण 140 चा. सहा-सात वर्षांच्या मुलाला दोन्ही नकोत, टेनिस बॉल द्या. तो जड बॉल एकदा छातीवर बसला की मूल कायमचं मागे सरकून खेळतं. फुटबॉललाही तोच न्याय: आठ वर्षांच्या आत तीन नंबरचा बॉल, नंतर बारापर्यंत चार नंबरचा. क्लबात सगळ्यांना पाच नंबरचा दिला असेल तर समजा की लहानांचा विचार कुणी केलेला नाही.

पोहण्याबद्दल मात्र मला आवाज चढवूनच लिहायचंय. लालबागचा हौद असो, सरदारबागचा असो, की सोसायटीतला, काठावर उभं राहून सगळ्यात खोल जागचा तळ आणि तिथली जाळी स्वच्छ दिसली पाहिजे. दिसत नसेल तर परत फिरा. डोळे चुरचुरवणारा उग्र वास म्हणजे पाणी स्वच्छ, हा गैरसमज आहे. घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळली की तो वास येतो. शिकवणारा आणि पहारा ठेवणारा ही दोन वेगळी माणसं हवीत, कारण बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, गुपचूप खाली जातं. पोहता न येणारी चार-पाच मुलं एका शिक्षकाकडे, जास्त नाहीत, आणि शिक्षक पाण्यात. जानेवारी 2024 मध्ये आपल्याच हरणीच्या तलावात नाव उलटून 12 मुलं आणि 2 शिक्षिका बुडून गेल्या. त्या शहरात राहून आपण लाइफगार्ड कुठाय हे विचारायला लाजतो!

थोडं शांत होऊन लिहिते. त्या आईचा मला राग नाही. दोघं नोकरीला, घरी आजी थकलेली, घराजवळ दुसरा क्लब नाही, मुलगा मोबाइलवर बसतो म्हणून ती धडपडतेय. सरांनाही पगार तुटपुंजा, वेकेशन बॅचवर वर्ष काढायचं असतं. सगळं समजतं. तरी पाणी द्यायला पैसे लागत नाहीत.

आणि क्रिकेटच का? दांडिया बाजारात प्रो. माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाम मंदिर, हा जुना आखाडा, आपल्या दारात असताना आपली मुलं कोलांटी न येता पॅड बांधतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला मल्लखांबासारखं दुसरं काही नाही. पकड, पोट, तोल, सगळं एकदम तयार होतं. तिथेही बघायचं असतंच. गाद्यांमध्ये फट नको, खाली हात धरायला माणूस हवा, खांबाला एरंडेल बेतानं लावलेलं हवं. जास्त झालं की मूल घसरतं, कमी पडलं की मांड्या सोलतात. दहा-बारा वर्षांपर्यंत दोन-तीन खेळ खेळू द्या, आणि आठवड्याचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत. सहा वर्षांचं मूल, सहा तास. एकाच खेळाचा रोज मारा झाला की टाच दुखते, गुडघ्याखाली फुगतं, बॉलिंग टाकणाऱ्यांची कंबर जाते.

पालकांना सराव बघायला बंदी असेल, कपडे बदलायच्या खोलीत सर येत असतील, एकट्या मुलाला 'खास प्रॅक्टिस'ला बोलावत असतील, तर कारणं ऐकत बसू नका. फी महिन्याची भरा, पावती घ्या, वर्षाची सवलत घेऊ नका.

आणि शेवटची गोष्ट, हिचा संताप सगळ्यात जास्त. "जन्मतारीख थोडी ॲडजस्ट करू, खेल महाकुंभात अंडर-नाइनमध्ये बसवू," असं गुजरात सरकारच्या त्या स्पर्धांसाठी सुचवणारे सर आहेत आणि मान डोलावणारे बापही आहेत. पुढे बीसीसीआयच्या सोळाखालच्या स्पर्धेत मनगटाचा एक्सरे काढून हाडाचं वय तपासतात, तेव्हा पकडला जातो तो मुलगा. त्यानं कुठे काय खोटं केलेलं असतं? असं कुणी तुम्हाला सुचवलं तर त्याच दिवशी नाव काढा, भरलेली फी बुडाली तरी चालेल, आणि क्लबाच्या कमिटीला लेखी कळवा.