चोर सोडून संन्याशाला फाशी: बर्फ, स्पोर्ट्स कार आणि तो फॉरवर्ड

नोव्हेंबर लागला, फराळाचे फोटो ओसरले की जर्मनीतल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला चौघांनी पाठवला. त्यातले दोघं माझ्याच गाडीत बसून बर्फातून स्टेशनपर्यंत गेलेले आहेत, पण फॉरवर्ड करताना एवढं कोण आठवतं! गाडी म्हणजे जुनी माझ्दा एमएक्स-5. दोन सीट, कापडी टप, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. मी स्टुटगार्टच्या दक्षिणेला, श्वेबिश आल्ब नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी राहतो आणि हीच एक गाडी बारा महिने वापरतो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार बर्फात चालतच नाही, ती हिवाळाभर झाकून ठेवावी. त्यापेक्षा फोर-व्हील ड्राइव्ह एसयूव्ही घ्यावी. ती जड असते म्हणून रस्त्याला चिकटून राहते आणि टायर बदलण्याचा खर्चही वाचतो. स्पोर्ट्स कार काढावीच लागली तर डिक्कीत वाळूची पोती टाका, टायरमधली हवा कमी करा, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागच्या जागी गरगर फिरू न देणारी यंत्रणा) वगैरे सगळं बंद करा, ब्रेक पंप करत राहा आणि निघण्याआधी पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवा. शेवटी हात जोडलेला इमोजी.

हेतू चांगला असेल. पण यात स्पोर्ट्स कारवाल्याला नको तितकं घाबरवलंय आणि एसयूव्हीवाल्याला नको तितकं निर्धास्त केलंय. दुसरी गोष्ट जास्त वाईट.

"टायर बदलायची गरज नाही" या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळी गडबड तिथूनच निघते. ही गाडी मी एका ऑक्टोबरच्या शेवटी सेकंडहँड घेतली. विकणारा म्हणाला, टायर नवेकोरे आहेत. होते खरे, पण उन्हाळी. दोन आठवड्यांनी सकाळी सातला राउंडअबाउटमधून बाहेर पडताना मागचं टोक अलगद बाजूला सरकलं. बर्फ नव्हता. पाऊसही नव्हता. डॅशबोर्डवर बाहेरचं तापमान 2 अंश दाखवत होतं. वेग तिशीच्या आसपास असेल; गाडी अर्धी वळून कडेच्या गवतात जाऊन थांबली. पुण्यात पहिल्या पावसात स्कूटर चालवलेल्या माणसाला ही भावना ओळखीची आहे: चाक जमिनीवर असतं, पण जमिनीशी त्याचं काही देणंघेणं उरलेलं नसतं.

झालं होतं एवढंच, की स्पोर्ट्स कारला येणारे चांगले उन्हाळी टायर साधारण 7 अंशांच्या खाली कडक व्हायला लागतात. रबर मऊ असलं तरच ते डांबराच्या खडबडीत पृष्ठभागात रुतून पकड घेतं. कडक झालं की वरच्यावर घसरतं. काही अति-परफॉर्मन्स टायरांचे उत्पादक तर सांगतात की गोठणबिंदूच्या आसपास ते चालवूच नका, रबराला तडे जाऊ शकतात. हिवाळी टायरचं मिश्रण वेगळं असतं, ते थंडीतही लवचीक राहतं. शिवाय त्याच्या नक्षीतल्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात. माझ्या तळघरात दोन्ही संच शेजारी शेजारी ठेवलेले असतात. जानेवारीत उन्हाळी टायरवर अंगठा दाबला तर पाट्यावर दाबल्यासारखं वाटतं. हिवाळी टायरचा ठोकळा अंगठ्याखाली हलतो, चिरा उघडतात आणि मिटतात. त्या चिरा बर्फ धरून ठेवतात. ऐकायला विचित्र आहे, पण पकड त्यामुळेच येते: बर्फाला बर्फ चिकटतो, हातात गोळा करून दाबा, कळेल.

कायद्याचंही सांगून टाकतो. जर्मनीत 2010 पासून नियम स्पष्ट आहे: रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा दहिवराचा निसरडेपणा असेल तर हिवाळ्याला योग्य टायर लागतात. तारीख ठरलेली नाही, परिस्थिती ठरलेली आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून त्यावर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण हे चिन्ह हवंच; नुसतं 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं चालत नाही, कारण ती अक्षरं उत्पादक कुठल्याही चाचणीशिवाय छापू शकत होता. नियम मोडला तर 60 युरो दंड आणि ड्रायव्हरच्या नावावर एक दंडाचा पॉइंट. या नियमात फोर-व्हील ड्राइव्हला सूट कुठेही नाही. इथले लोक 'ओ ते ओ' म्हणतात, ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर. आपल्याकडे आषाढीच्या आधी छत्री शोधतात तसं इथे ऑक्टोबर आला की टायरवाल्याकडे रांग लागते.

आता एसयूव्ही. चारही चाकांना जोर असला की गाडी जागची हलते, यात वाद नाही. चढावर ती माझ्यापेक्षा आधी सुटेल. पण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. थांबताना आणि वळताना त्या महागड्या यंत्रणेचा उपयोग जवळपास शून्य. आणि वजन? जड गाडी रस्त्याला जास्त दाबते हे खरं, पण तिला थांबवायलाही तेवढाच जास्त जोर लागतो. दोन्ही बाजूंनी वजन कटतं. उरतो तो फक्त टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षणाचा आकडा, म्हणजे चाकावरच्या वजनाच्या किती पट जोर टायर रस्त्याला लावू शकतो ते.

तो आकडा कोरड्या डांबरावर साधारण 0.8, हिवाळी टायरला दाबलेल्या बर्फावर 0.25 च्या आसपास, आणि थंडीने कडक झालेल्या उन्हाळी टायरला त्याच बर्फावर समजा 0.1. ताशी 50 किलोमीटरवरून पूर्ण ब्रेक लावला तर हिशोब असा येतो: कोरड्यावर 12 मीटर, हिवाळी टायरवर 39 मीटर, कडक टायरवर 98 मीटर. विचार करायला लागणारा वेळ यात धरलेला नाही. गाडी दोन टनांची असो की एक टनाची, उत्तर तेच.

चढाचा हिशोब तर मला फार आवडतो. दहा टक्के चढ घ्या, म्हणजे शंभर मीटरला दहा मीटर वर. तो चढायला गाडीच्या वजनाच्या साधारण एक दशांश एवढा जोर चाकांनी रस्त्याला लावायला हवा. माझ्या गाडीत मागच्या चाकांवर निम्मं वजन असतं. 0.25 चं निम्मं म्हणजे 0.125, जेमतेम, पण चढते, आणि चढावर वजन जरा मागे सरकतं तो फायदा वेगळा. उन्हाळी टायरवाल्या एसयूव्हीची चारही चाकं मिळून 0.1. तीही रडतखडत माथ्यापर्यंत जाईल, ड्रायव्हर खूश. आता तीच गाडी पलीकडच्या दहा टक्के उताराला लागू द्या. गुरुत्व 0.1 ने खाली ओढणार, ब्रेक जास्तीत जास्त 0.1 ने धरणार. म्हणजे एकदा वेग आला की ती थांबणारच नाही. वर नेऊन सोडायचं काम फोर-व्हील ड्राइव्हने चोख केलं!

"मागच्या चाकांवर चालणारी गाडी बर्फात चालतच नाही" या वाक्याचं करायचं काय? ते लिहिणाऱ्याने मॉन्टे कार्लो रॅलीचं नाव ऐकलेलं नसावं. जानेवारीत, आल्प्सच्या घाटांत, रात्रीसुद्धा धावणारी शर्यत. 1968 ते 1970 अशी सलग तीन वर्षं ती पोर्शे 911 ने जिंकली. आधी विक एल्फर्ड, पुढची दोन वर्षं ब्यॉर्न वाल्डेगार्ड. आमच्या स्टुटगार्टचीच गाडी. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, त्यामुळे जोर लावणाऱ्या चाकांवर भरपूर वजन. 1968 साली तर बघ्यांनी मजा म्हणून रस्त्यावर बर्फ फेकला होता आणि आघाडीवर असलेल्या लारूसची आल्पीन त्यावरून घसरून बाहेर गेली. बघ्यांना मजा म्हणजे काय ते सगळीकडे सारखंच कळतं. कोणी म्हणेल, त्या गाड्यांच्या टायरांना खिळे होते. होतेच. तेच तर मी सांगतोय, टायर!

एक उलट समजूतही या निमित्ताने निघून जावी. रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हे कोरड्या डांबरावर चालून जातं. सैल बर्फात अरुंद टायर चांगला, तो खाली कापत जाऊन कडक थराला भिडतो. रुंद टायर पाटासारखा वर तरंगतो. म्हणून हिवाळ्यासाठी गाडीच्या कागदपत्रांत मान्य असलेलं सगळ्यात अरुंद माप मी घेतो. दिसायला गाडी बारीक पायांची दिसते. दिसू दे.

वाळूच्या पोत्यांचा सल्ला बहुधा अमेरिकेतल्या रिकाम्या पिकअपवरून आलाय. त्यांचा मागचा हौदा रिकामा असतो, मागच्या चाकांवर वजनच नसतं, तिथे तो उपयोगी आहे. एमएक्स-5 मध्ये वजन पुढे-मागे जवळपास समसमान असतं. तिच्या डिक्कीत दोन केबिन बॅगा कशाबशा मावतात, आणि ती डिक्की मागच्या चाकांच्याही मागे. तिथे चाळीस किलो ठेवलं की सुटताना थोडी मदत होईल, पण वळणावर शेपूट सुटलं की तेच वजन लंबकासारखं झोका घेईल. न बांधलेलं पोतं ब्रेक लावल्यावर कुठे जाईल तो प्रश्न आणखी वेगळा. पोर्शे 911 वाल्यांनी तर पोतं टाकायच्या आधी आपली डिक्की कुठल्या टोकाला आहे ते आठवावं.

हवा कमी करण्याची कल्पना वाळूत जीप चालवणाऱ्यांची. रस्त्यावर ती कल्पना अंगाशी येते, कारण टायर पोटात वाकतो, ठोकळे दुमडतात आणि त्या चिरा मिटतात. शिवाय थंडी स्वतःच हवा कमी करत असते, तापमान दहा अंशांनी उतरलं की साधारण 0.1 बार. दारावरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तो थंड टायरवर मोजून भरावा, बस.

इलेक्ट्रॉनिक्स बंद करण्याबद्दल: चालत्या रस्त्यावर, नाही. घसरती गाडी सावरणारा स्टॅबिलिटी कंट्रोल प्रत्येक चाकाला वेगळा ब्रेक लावू शकतो, तुमच्या पायाला ते जमणार नाही. गाडी बर्फात रुतून बसली असेल तेवढ्यापुरतं ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचं, कारण चाक जरा फिरल्याशिवाय बाहेर पडता येत नाही आणि ते फिरूच देत नाही. दुसऱ्या गियरमध्ये, क्लच हळू सोडत, पुढे-मागे झोका देऊन बाहेर यायचं आणि बटण पुन्हा दाबायचं.

ब्रेक पंप करा हा आपल्या वडिलांच्या पिढीचा सल्ला, त्यांच्या गाड्यांसाठी अगदी योग्य. एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत पाय दाबायचा आणि दाबूनच ठेवायचा. पेडल खाली थरथरतं, खडखड आवाज येतो, नवखा माणूस घाबरून पाय उचलतो. उचलू नये. सैल, खोल बर्फात एबीएसने अंतर थोडं वाढतं हे खरं आहे, कारण लॉक झालेलं चाक पुढे बर्फाचा ढीग जमवून थांबतं आणि एबीएस तो जमू देत नाही. पण बदल्यात स्टिअरिंग हातात राहतं.

आणि पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवणं? जर्मन वाहतूक नियमांत विनाकारण इंजिन चालू ठेवायला बंदी आहे, आणि उभ्या गाडीत ते गरमही हळूच होतं. काचा खरवडा, निघा, पहिली काही मिनिटं आरपीएम कमी ठेवा. सायलेन्सरच्या तोंडाशी बर्फ साचला असेल तर आधी तो काढा. नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, आणि त्याला वास नसतो.

मेसेजमध्ये जे असायला हवं होतं ते नाहीच. सगळ्यात वाईट बर्फ उणे 15 चा नसतो, शून्याच्या आसपासचा असतो, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. पुलावरचा रस्ता आधी गोठतो, खालूनही वारा लागतो म्हणून. मागच्या चाकांची गाडी घसरते ते आधी कमरेला कळतं, मग डोळ्यांना. तेव्हा अॅक्सिलरेटरवरून पाय झटक्यात उचलायचा नाही, हळू सैल करायचा, आणि जिकडे जायचंय तिकडे बघायचं. हे मेसेज वाचून येत नाही. एडीएसी या वाहनसंघटनेचे हिवाळी सरावाचे कोर्स असतात, तिथे पाण्याने निसरड्या केलेल्या पट्टीवर घसरून बघता येतं. मी पहिल्या तासात चार वेळा गोल फिरलो.

एका मुद्द्यावर मेसेज बरोबर आहे, कधीकधी गाडी जागेवरच ठेवावी लागते; फक्त कारण चुकीचं देतो. माझ्या गाडीचं पोट जमिनीपासून वीतभरही वर नाही. बर्फ त्याहून खोल झाला की टायर कितीही चांगले असोत, पोट बर्फावर टेकतं आणि चाकं हवेत फिरतात. मागे एकदा रात्रीत तेवढा पडला होता आणि रस्त्यावरचा बर्फ हटवणारी गाडी आमच्या गल्लीत आली नव्हती. कापडी टपावरचा बर्फ मऊ ब्रशने झाडला, सायलेन्सरचं तोंड मोकळं केलं, गाडी होती तिथेच ठेवली आणि बूट घालून स्टेशनकडे चालत निघालो.