हॅलोजनच्या हेडलाईटमध्ये एलईडी बल्ब: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर उत्तर देतो. हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाईटमध्ये एलईडी बल्ब बसवू नका, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: नव्या बल्बने रस्ता कितीतरी उजळ दिसतो, त्याच गाडीच्या वरच्या व्हेरियंटमध्ये कंपनी स्वतःच एलईडी देते, मग नियम फक्त ग्राहकाचा खिसा कापण्यासाठी आहेत, आणि इतक्या दिवसांत समोरच्या एकानेही तक्रार केलेली नाही. शिवाय मी मॉडिफिकेशनच्या विरोधात आहे, असंही तुम्ही म्हणता. गाडीत सुधारणा करायची हौस मलाही आहे. पण हेडलाईट बदलला की त्याचा परिणाम अशा माणसावर होतो, ज्याला आपण विचारलेलंच नसतं.

आधी उजेडाचं बघू. एच४ बल्ब (लो आणि हाय बीम एकाच बल्बमध्ये असणारा हॅलोजन) हातात घेऊन नीट पाहा. आत दोन फिलामेंट असतात. लो बीमच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक चिमुकली वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे लो बीमवर रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग काम करतो आणि प्रकाश रस्त्यावर उतरतो. त्या वाटीची एक कड १५ अंशांत तिरकी असते. भिंतीवर प्रकाशाची रेघ आपल्या बाजूला वर चढताना दिसते, ती या कडेमुळे. म्हणजे समोरच्याचे डोळे वाचवायचे आणि आपल्या कडेचा पादचारी लांबून दाखवायचा, ही दोन्ही कामं त्या इवल्याशा पत्र्यावर सोपवलेली आहेत. फिलामेंटची जागासुद्धा मिलिमीटरच्या दशांशांत ठरलेली असते, कारण रिफ्लेक्टरचा प्रत्येक वळसा त्या जागेवरून आखलेला असतो.

एलईडी बल्बमध्ये फिलामेंटच्या जागी एक पट्टी आणि तिच्या दोन्ही अंगांना चपट्या चिप असतात. फिलामेंट चहूबाजूंनी प्रकाश फेकतं, चिप फक्त समोर. पट्टीला जाडी असते, त्यामुळे दोन्ही चिप नेमक्या केंद्रावर येऊच शकत नाहीत. होतं असं, की एकूण प्रकाश वाढतो, पण तो भलतीकडे जातो: थोडा रेघेच्या वर, समोरच्याच्या डोळ्यांत, आणि बराचसा बॉनेटच्या पुढच्या काही मीटरांत. तुम्हाला जो उजळपणा जाणवतो तो बहुतेक हाच. जवळचा रस्ता लख्ख झाला की डोळे त्या उजेडाला सरावतात आणि लांबचा अंधार आणखी गडद वाटतो. दुप्पट अंतरावर तेवढाच उजेड पाडायचा तर त्या दिशेने चौपट तीव्रता लागते. पसरलेल्या प्रकाशातून ती मिळत नाही.

वरच्या व्हेरियंटचा मुद्दा रास्त वाटतो, पण तिथे बल्ब बदललेला नसतो, अख्खा दिवा वेगळा असतो. काच बाहेरून सारखी दिसली तरी रिफ्लेक्टर किंवा प्रोजेक्टर, उष्णता वाहून नेणारा भाग, सगळं एलईडीसाठी आखलेलं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत मान्यता मिळते ती ठरावीक प्रकारच्या बल्बसह संपूर्ण दिव्याला. तुमच्या हेडलाईटच्या काचेवर गोलात इंग्रजी ई आणि आकडा आहे का बघा. जवळच एचसी, एचआर किंवा एचसीआर अशी अक्षरं असली, तर तो दिवा हॅलोजनवर तपासलेला आहे. दुसरा बल्ब घातला की ती मान्यता त्या दिव्याला लागू राहत नाही. नियम आंधळे नाहीत, हेही सांगतो. २०२० मध्ये जर्मनीत ऑस्राम या बल्ब बनवणाऱ्या कंपनीच्या एच७ (बल्बचा आणखी एक प्रकार) एलईडी बल्बला रस्त्यावर वापरायची परवानगी मिळाली, पण ठरावीक मॉडेलच्या ठरावीक हेडलाईटपुरतीच. बल्ब आणि हेडलाईटची प्रत्येक जोडी तपासून दिलेली परवानगी हीच खरी परवानगी. खोक्यावर छापलेल्या लुमेनच्या, म्हणजे एकूण प्रकाशाच्या, आकड्याला तसा काहीच आधार नसतो. विम्याचंही तेच. न कळवलेला बदल अपघातानंतर सापडला, तर दावा अडवायला कंपनीला कारण मिळतं.

तक्रार आली नाही, हे मात्र मला अजिबात पटत नाही. समोरचा काही सेकंदांत निघून जातो, तो तक्रार करणार कुणाकडे? ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर धावते. डोळे दिपल्यावर दोन सेकंद काही दिसलं नाही, तर ४४ मीटर अंधारात गेले. वय वाढलं की डोळ्यातलं भिंग प्रकाश जास्त विखुरतं आणि दिपलेले डोळे सावरायला वेळ लागतो. तुमच्या-माझ्या आईवडिलांच्या वयाची माणसं याच कारणाने रात्री गाडी चालवायचं सोडतात.

कुणी म्हणेल, मग १००/९० वॅटचा (हाय बीम १००, लो बीम ९०) हॅलोजन घालू. तोही नको. मूळ ६०/५५ बल्बच्या लो बीमला, म्हणजे ५५ वॅटला, साधारण साडेचार अँपिअर लागतात, ९० वॅटला साडेसात. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे अडीचपटीहून जास्त. इन्सुलेशन, कनेक्टर, प्लास्टिकचा रिफ्लेक्टर, सगळं यात भाजून निघतं.

तुमची मूळ अडचण खरी आहे: जुन्या गाडीचा लाईट मंद वाटतो. त्यावर कायद्यात बसणारे उपाय आहेत. पिवळी पडलेली काच पॉलिश करून घ्या. मग बल्बच्या टोकाशी व्होल्टेज मोजा. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, म्हणजे १० टक्के व्होल्टेज वाटेत मुरलं की जवळपास ३० टक्के प्रकाश गेला. गंजलेलं अर्थिंग साफ करून आणि चांगल्या जाडीच्या तारेचं रिलेसह (बॅटरीचा करंट थेट दिव्याला जोडणारा स्विच) वायरिंग करून हा गेलेला प्रकाश परत मिळतो, बल्ब तोच ६०/५५ चा. हे काम ज्याला वायरिंग कळतं त्याच्याकडूनच करून घ्या, फ्यूज विसरू नका.

एवढं करूनही माझं पटत नसेल तर सपाट जागेवर गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा आणि लो बीम लावा. कंपनीने प्रकाशाचा खाली झुकण्याचा उतार १ टक्का ठरवलेला असेल, तर प्रकाशाची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटीमीटर खाली पडायला हवी. तुमच्या गाडीचा आकडा बहुधा दिव्यापाशीच लिहिलेला असेल. एका बाजूला मूळ हॅलोजन घाला, दुसऱ्या बाजूला तुमचा एलईडी, आणि एकेक दिवा झाकून रेघेच्या वर काय दिसतं ते बघा. दोन्हींचे फोटो आणि काचेवरची अक्षरं पाठवलीत तर मी बघून सांगेन.